कॉरोनरची चौकशी की पोलिसांचा इन्क्वेस्ट पंचनामा?
मारेकरी न सापडलेल्या खुनात, १८७१ च्या कायद्यानुसार मुंबईत चालणारी कॉरोनरची (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची) चौकशी ज्युरीसमोर, साक्षीदारांना शपथ देऊन होत असे आणि आरोपी अज्ञात असला तरी मृत्यूच्या कारणाचा निष्कर्ष नोंदवला जाई. १९९९ मध्ये हे पद रद्द झाले.

आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पोलीस किमान दोन पंचांसमक्ष इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृतदेहाच्या पाहणीची लेखी नोंद, करतात. त्यात जखमा, संभाव्य हत्यार आणि मृत्यूचे सकृद्दर्शनी कारण येते, मारेकरी कोण हा प्रश्न त्याच्या कक्षेत नसतो. पंचनामा लवकर होतो, हे खरे. पण ज्याने तपास करायचा त्याच यंत्रणेने तो लिहायचा, त्यामुळे नातेवाइकांना उघडपणे प्रश्न विचारता येतील अशी जागा उरत नाही.