बी.बी.ए.ची तीन वर्षे : दुकान सांभाळणाऱ्या एका पदवीधर मुलीचे परीक्षण

मी २०१९ ते २०२२ या काळात पुण्यातील एका विनाअनुदानित महाविद्यालयातून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची बी.बी.ए. (व्यवसाय प्रशासन) ही पदवी घेतली आणि आता बार्शी तालुक्यात वडिलांसोबत आमचे कृषी सेवा केंद्र चालवते. बारावीनंतर मुलांना या अभ्यासक्रमाला घालावे का, असे दुकानात येणारे पालक मला वरचेवर विचारतात. त्यांना काउंटरवर उभ्याउभ्या जे सांगता येत नाही, ते येथे सविस्तर लिहीत आहे. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवा मला जाणवल्या त्या एकाच संस्थेच्या आहेत असे मला वाटत नाही.

पहिल्या सत्रात व्यवस्थापनाची तत्त्वे, व्यावसायिक संवादकौशल्ये, लेखांकन, सूक्ष्म अर्थशास्त्र, गणित आणि जनसांख्यिकी असे सहा विषय होते. दुसऱ्या सत्रात विपणन, वित्त, परिव्यय लेखांकन (म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब) आणि संख्याशास्त्र यांची ओळख झाली. पुढे विपणन, वित्त, मनुष्यबळ अशा शाखांपैकी एक निवडायची असते. कृषी व्यवसाय ही शाखाही कागदावर होती आणि मला तीच हवी होती. परंतु पुरेसे विद्यार्थी नसल्याने आमच्याकडे ती उघडलीच नाही, म्हणून मी वित्त घेतले. प्रवेश घेण्यापूर्वी माहितीपुस्तिकेतील शाखांपैकी प्रत्यक्षात कोणत्या चालतात, हे विचारून घेतले पाहिजे. आम्ही विचारले नव्हते.

व्यवस्थापनाची तत्त्वे या विषयात हेन्री फेयॉल या फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञाची चौदा तत्त्वे पाठ करून घेतली जातात. पाठ केल्याने ती कळत नाहीत, पण परीक्षेत गुण मिळतात. आमच्या दुकानात हाताखालच्या मुलाला वडील गोदामात पाठवत आणि त्याच वेळी काका त्याला बँकेत जायला सांगत. संध्याकाळी दोन्ही कामे अर्धवट राहिली की बोलणी मात्र त्या मुलालाच बसत. त्या चौदांपैकी ‘आदेशाची एकवाक्यता’, म्हणजे एका माणसाला एकाच वरिष्ठाने आदेश द्यावेत हे तत्त्व, मला पुस्तकातून नव्हे, तर त्या मुलाच्या चेहऱ्यावरून समजले. तत्त्व आधी वर्गात ऐकलेले असल्याने चूक कोणाची होती हे मला घरी सांगता आले, एवढे श्रेय मात्र अभ्यासक्रमाला दिलेच पाहिजे.

माझ्या दृष्टीने संपूर्ण पदवीचे पैसे एका घटकाने वसूल केले, तो म्हणजे खेळत्या भांडवलाचे, म्हणजे रोजच्या व्यवहारात फिरणाऱ्या पैशाचे, व्यवस्थापन. आमच्या भागात जूनमध्ये बियाणे, खते आणि औषधे उधारीवर जातात आणि सोयाबीन बाजारात आल्यावर, काहींची तर तूर निघाल्यावरच, पैसे परत येतात. याला वडील ‘हंगामाची उधारी’ म्हणत आणि ती हवापाण्यासारखी गृहीत धरत. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी आमचीच खतावणी घेऊन बसले. वर्षाची उधारीची विक्री ४० लाख आणि सरासरी येणे १६ लाख, म्हणजे आमचा पैसा गिऱ्हाइकाकडे १४६ दिवस अडकत होता. उलट बाजूला उधारीची खरेदी ३६ लाख आणि सरासरी देणे ६ लाख, म्हणजे घाऊक व्यापारी आम्हाला जेमतेम ६१ दिवस थांबत होते. मधले ८५ दिवस बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे व्यवसायासाठी लागेल तसे उचलायच्या कर्जावर, निघत होते आणि गोदामात पडून असलेला माल तर मी यात धरलाही नव्हता. १२ टक्के दराने १४६ दिवसांचे व्याज ४.८ टक्के होते. मग जो शेतकरी रोख देईल त्याला २ टक्के सूट दिली, तरी आपलाच फायदा आहे, हे मी वहीच्या मागच्या पानावर वडिलांना मांडून दाखवले. पहिल्या वर्षी त्यांनी ऐकले नाही. जुनी गिऱ्हाइके दुखावतील, अशी त्यांना भीती होती. पुढच्या खरिपात त्यांनी स्वतःहून सूट सुरू केली आणि वर्षअखेरीस येण्याचा काळ सुमारे १२० दिवसांवर आला. हे गणित अवघड नाही, पण खतावणीकडे या नजरेने पाहायला मला या पदवीने शिकवले, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

आता तक्रारी. त्या काळात विद्यापीठाच्या परीक्षेला ७० आणि अंतर्गत मूल्यमापनाला ३० गुण होते. हे ३० गुण खरे तर शिक्षकाच्या हातातील सर्वांत मोठे साधन आहे. आमच्याकडे ते एकमेकांच्या वह्या उतरवून मिळत. प्रकल्पाचे तर याहून वाईट होते. मार्गदर्शकांनी माझे शीर्षक मंजूर केले आणि त्यानंतर अहवाल थेट तोंडी परीक्षेच्या दिवशी उघडला. वर्गातील कित्येकांनी जुन्याच अहवालांवर नवे मुखपृष्ठ चढवून ते दिले, त्यांना आणि मला जवळजवळ सारखेच गुण मिळाले. मला गुणांचे वाईट वाटले नाही. ज्या एका कामातून मला सर्वाधिक मिळाले, ते बाकीच्यांच्या हातून निसटले आणि त्यांना ते कोणी सांगितलेही नाही, याचे मात्र आजही वाईट वाटते.

टाळेबंदीचा फटका आमच्या तुकडीला बसला. २०२० च्या उन्हाळ्यात दुसऱ्या सत्राची लेखी परीक्षा न होताच आम्ही वरच्या वर्गात गेलो आणि पुढची परीक्षा ऑनलाइन बहुपर्यायी प्रश्नांची झाली. परिव्यय लेखांकनाचा पाया त्यामुळे कच्चा राहिला, तो मी नंतर स्वतः घरी बसून भरून काढला. यात दोष कोणाला देणार?

भाषेचा प्रश्न मात्र आजही तसाच आहे. बी.बी.ए. इंग्रजीतून शिकवले जाते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले सहा महिने ‘येणे’ आणि ‘देणे’ हे शब्द ओळखीचे असूनही त्यांची इंग्रजी रूपे परकी वाटतात, आणि हुशार मुलगीही वर्गात गप्प बसू लागते. आमच्या लेखांकनाच्या शिक्षिका प्रत्येक संज्ञा फळ्यावर दोन्ही भाषांत लिहीत, म्हणून त्यांचा तास कधी कोणी बुडवत नसे. इतर विषयांना तसे भाग्य लाभले नाही.

खर्चाचे सांगायचे तर तीन वर्षांचे शुल्क मला साधारण एक लाख दहा हजार पडले. खोलीभाडे आणि खानावळ यांचा खर्च त्याहून जास्त झाला. ज्याच्या घरी व्यवसाय आहे, किंवा जो शिकताना एखाद्या दुकानात, कारखान्यात अथवा सेवाभावी संस्थेत काम करायला तयार आहे, त्याने हा खर्च अवश्य करावा. ज्याला सनदी लेखापाल व्हायचे आहे, त्याला बी.कॉम. अधिक सोयीचे पडेल. आणि नुसती नोकरी हवी म्हणून येणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की चांगल्या पदांसाठी पुढे एम.बी.ए. मागितले जातेच.

माझ्यानंतर नियम बदलले आहेत. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा सुरू झाली. मुंबईतील काही महाविद्यालयांनी त्याच सुमारास बी.एम.एस. या व्यवस्थापनाच्याच पदवीचे नाव बदलून ते बी.कॉम.च्या छत्राखाली नेले, त्यामुळे नाव पाहून न थांबता विषयांची यादी वाचावी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्ष करून ऑनर्स पदवीही घेता येते.

यंदा माझी मामेबहीण प्रवेश घेत आहे. तिच्यासोबत मी दोन महाविद्यालयांत गेले आणि दोन्हीकडे एकच विनंती केली : गेल्या वर्षीचे प्रकल्प अहवाल पाहायला मिळतील का? पहिल्या ठिकाणी वातानुकूलित सभागृह दाखवले, पण अहवाल पाहायला वरिष्ठांची परवानगी लागेल असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी ग्रंथपालांनी कपाट उघडून दिले. त्यातील एका अहवालात कोण्या मुलाने आपल्या गावातील दूध संकलन केंद्राचा रोजचा हिशेब मांडला होता आणि समासात शिक्षकांनी लाल शाईने चार ठिकाणी ‘हा आकडा कोठून आणला?’ असे विचारले होते. बहिणीने पसंतीक्रमात त्याच महाविद्यालयाचे नाव पहिले भरले.