जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, नाशिक: भाचीला मोफत वकील मिळाला, त्याचा अनुभव

वकिलाची फी परवडत नाही म्हणून मार सोसत बसलेली एखादी बाई तुमच्या ओळखीत असेल, तर तिला नाशिकच्या सीबीएस बस स्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात घेऊन जा. आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. माझ्या सातपूरला दिलेल्या भाचीला तिथून वकील मिळाला आणि फी एक रुपयाही द्यावी लागली नाही. नात्यातलं कुणीतरी म्हणालं, आधी उत्पन्नाचा दाखला काढा. त्याची गरज नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्यात बाईसाठी उत्पन्नाची अटच ठेवलेली नाही. साधा अर्ज, आधार कार्ड आणि असतील ते दवाखान्याचे कागद एवढं आम्ही नेलं होतं.

त्याआधी एका पोलीस चौकीत तिला ‘नवरा-बायकोचं भांडण आहे, घरी जाऊन मिटवा’ असं ऐकवून परत पाठवलं होतं. दंडावरचे वळ दिसत असताना! त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

इथे मात्र वकील मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, “ताई, तुम्हाला सोडचिठ्ठी हवीय का?” भाची म्हणाली, “नाही. मार थांबवा आणि लेकरांसकट माझ्या घरात राहू द्या.” इतक्या महिन्यांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. जो तो सल्ले देत होता. मॅडमनी मग 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आम्हाला कळेल असा सांगितला. त्यात घटस्फोट मागावा लागत नाही. मारहाण करू नये, घराबाहेर काढू नये, खर्चाला पैसे द्यावेत, मुलांचा ताबा आईकडे असावा, हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. शिव्या, टोमणे, पगार काढून घेणं, उपाशी ठेवणं हीही हिंसाच.

सासरचे सारखं म्हणायचे, घर सासूच्या नावावर आहे, तुझा काय संबंध? भाचीला ते खरंच वाटत होतं. मॅडमनी 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा आहुजा खटल्यातला निकाल सांगितला. लग्नानंतर ज्या घरात ती नांदली, ते सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क तिला कोर्टाकडे मागता येतो. मालकी मिळत नाही, पण कोर्टाच्या आदेशाशिवाय हात धरून बाहेर काढता येत नाही. हे ऐकल्यावर ती खुर्चीत जरा ताठ बसली.

या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे घटनेचा अहवाल लिहून घेतात, त्याला सगळे ‘डीआयआर’ म्हणतात. तो घाईत उरकू नका. तारीख, कशाने मारलं, कोण समोर होतं, कुठल्या दवाखान्यात नेलं, सगळं आठवून सांगा. स्त्रीधनाची यादीही तिथेच द्या. भाचीने मंगळसूत्रापासून पितळी घागरीपर्यंत सगळं लिहून दिलं. आणि शेजारणींनो, तुम्हालाही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवता येतं. चांगल्या हेतूने कळवलं तर तुमच्यावर कारवाई होत नाही, हे कायद्यातच लिहिलंय.

वेळेचं सांगते. अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो, पण त्या आशेवर दिवस मोजत बसू नका. धोका असेल तर अंतरिम आदेशाचा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा, अर्ज सोबतच द्या. समोरचा हजर नसला तरी शपथपत्रावर कोर्ट तो देऊ शकतं. आमच्या घराला खरा आधार त्याच आदेशाने दिला. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे जावयाला कळल्यापासून त्याचा हात उठलेला नाही.

मी पाचपैकी पाच देते. जाणं जमत नसेल तर कायदेशीर मदतीसाठी 15100, महिला हेल्पलाइन 181 आणि जिवावर बेतलं तर 112. आदेशाची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. झेरॉक्स काढून एक माहेरी ठेवा, सगळे कागद सासरच्या कपाटात नकोत.