हॅचबॅकवरून सेडानवर: आठ महिने, अकरा हजार किलोमीटर आणि आईचा घाट

गेल्या दसऱ्याला सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली लांब गाडी, दारात आली. त्याआधी सात वर्षं हॅचबॅक, मागच्या काचेशीच संपणारी आखूड गाडी. ती विकली नाही, बायको शाळेला घेऊन जाते. त्यामुळे सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी, अशी तुलना आमच्याकडे आपोआप होते. माझ्या गाड्यांच्या कंपन्या सांगत नाही. नाव निघालं की बोलणं मायलेजवर आणि तिथून शोरूमवाल्याच्या वागण्यावर जातं. अंदाजासाठी हॅचबॅक स्विफ्टच्या मापाची धरा, सेडान होंडा सिटीच्या. म्हणजे व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 2450 मिलिमीटर आणि 2600. लांबी पावणेचार मीटरच्या थोडी पुढे, आणि साडेचारच्या पुढे. वजनात सव्वादोनशे-अडीचशे किलोंचा फरक.

आधी गावातलं, म्हणजे साताऱ्यातलं उरकतो, कारण तिथे निकाल ठरलेलाच आहे. मोती चौक, खणआळी, राजवाडा, संध्याकाळी सहानंतर सेडान घेऊन जाऊ नका. हॅचबॅकची टर्निंग रेडियस 4.8 मीटर, सेडानची 5.3. कागदावर अर्धा मीटर, पण ती त्रिज्या आहे; यू-टर्नला रस्ता एक मीटर जास्त लागतो. जिथे हॅचबॅक एका दमात वळायची, तिथे आता मागे-पुढे करावं लागतं आणि मागचे दुचाकीवाले हॉर्न वाजवत राहतात. पहिल्याच महिन्यात रिव्हर्स घेताना एका ओट्याच्या दगडाला बंपर घासला. चूक माझीच. मागची काच संपली की गाडी संपली, ही सात वर्षांची सवय. डिकी तिच्याही मागे आहे हे हातांना उशिरा कळलं.

खरी गंमत घाटात आहे. यवतेश्वरच्या घाटात हॅचबॅक म्हणजे खेळणं. वळण समोर आल्यावर ठरवलं तरी चालतं: स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच आत. सेडानला तेच सांगायचं तर वळणाच्या आधी सांगावं लागतं. ब्रेक सरळ रस्त्यावर, गिअर तिथेच खाली, मग वळण. दोन्ही गाड्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या, त्यामुळे वेगात घुसलात तर दोघींचंही नाक बाहेर पळतं. फरक इतकाच की हलकी गाडी लवकर सावरते, आणि जड गाडीला तेवढ्यासाठी रस्ता जास्त लागतो. मे महिन्यात वळवाच्या पहिल्या सरीनंतर, धूळ आणि पाण्याचा राडा झालेला असताना, हे मला एका वळणावर नीट समजलं. समोरून एसटी नव्हती, एवढंच नशीब.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. अगदी आखूड, उलट्या वळणावर मागचं आतलं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं, आणि व्हीलबेस जितका लांब तितकं जास्त आतून. हॅचबॅकच्या सवयीनं वळण कापायला गेलो तर चाक डांबर सोडून साइडपट्टीच्या खडीत उतरतं. आता थोडं बाहेरून घेतो, पण आपली लेन न सोडता.

मग सेडान घेतली कशाला? आईसाठी. तिला गाडी लागते. वाईवरून पसरणी घाटानं पाचगणीला मावशीकडे जायचं म्हणजे हातात लिंबू, मांडीवर पिशवी आणि वाटेत दोनदा थांबा. लहान गाडीत मागची सीट जवळजवळ मागच्या चाकांवर येते, प्रत्येक खड्ड्याला माणूस उडतो. लांब व्हीलबेसमध्ये सीट थोडी पुढे असते आणि गाडी डुलली तरी सावकाश डुलते. पण पहिल्या खेपेला सेडानमध्येही ती पांढरीफटक पडली, कारण मी जुन्याच पद्धतीनं चालवत होतो. तिसऱ्या खेपेला डोळा लागला तिचा. वर टेबललँडजवळ उठून म्हणाली, "आरं, आज घाट कुटं गेला?" यात गाडीचे गुण निम्मे, उरलेले माझ्या उजव्या पायाचे.

महामार्गावर मात्र वादच नाही. दर आठवड्याला पुण्याला जाणं होतं. कंटेनरला ओलांडताना हवेचा जो फटका बसतो, त्यानं हॅचबॅक हलते आणि दोन्ही हात घट्ट होतात. सेडान जागची ढळत नाही. येताना खंबाटकी चढायला पाच माणसं आणि सामान असलं तरी दीड लिटरचं इंजिन तिसऱ्यावर निघून जातं, 1.2 लिटरला दुसरा टाकावाच लागायचा.

एक तक्रार कायमची. दोन्हींचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, कागदावर जवळपास सारखा, तरी आमच्या गल्लीतल्या घरगुती स्पीडब्रेकरला सेडानच घासते. चाकांमधलं अंतर वाढलं की पोट उंचवट्यावर टेकणारच, त्यात डिकीत तांदळाची दोन पोती. आता तिरकी घेतो, एकेक चाक करून.

बायकोचं म्हणणं होतं, चार मीटरच्या आतली सेडान घ्यावी. 2006च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांचा कर कमी झाला, तेव्हापासून चार मीटर ही लक्ष्मणरेषा झाली. 2012 साली मारुतीच्या डिझायर सेडानची शेपूटही त्यासाठीच कापून 3995 मिलिमीटरवर आणली. पैशाच्या हिशेबानं तिचं बरोबर होतं. माझा जीव लांब व्हीलबेसवर आणि 500 लिटरच्या डिकीवर अडकला होता.

तरीही रविवारी पहाटे एकट्यानं कासला जायचं असलं की मी हॅचबॅकचीच किल्ली मागतो. परवा बायकोनं विचारलं, "मग ती दारातली कुणासाठी?" उत्तर सुचलं नाही. किल्ली मिळाली, पण टाकी फुल करून आणायच्या बोलीवर.