टाके की स्टेपलर: प्रौढ वयातील सुंतेचा निर्णय

मधुमेहामुळे शिश्नाच्या पुढची कातडी आवळत गेली आहे, मलमे लावून झाली आहेत आणि डॉक्टरांनी आता शस्त्रक्रियाच सुचवली आहे, अशा चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषासाठी हे लिहीत आहे. दीड वर्षापूर्वी मी त्याच टप्प्यावर होतो. टाके घालून होणारी नेहमीची शस्त्रक्रिया करून घ्यावी की जाहिरातींत दिसणारी स्टेपलरची, एवढाच प्रश्न उरला होता. मी टाक्यांची केली. माझ्या मावसभावाने त्याआधी चार महिने स्टेपलरची करून घेतली होती, त्यामुळे दोन्ही गोष्टी जवळून पाहता आल्या.

मलमाबद्दल आधी थोडे, कारण तो टप्पा घाईने ओलांडू नये असे मला वाटते. बीटामेथासोनचे मलम मी सहा आठवडे दिवसातून दोनदा लावले. कातडी सैल झाली, पण साखर वाढली की पुन्हा बारीक चिरा पडत आणि लघवी करताना झोंबत असे. मला साखर लघवीवाटे बाहेर टाकणारे डापाग्लिफ्लोझिन चालू होते. त्या औषधाने तिथे बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते, हे लक्षात घेऊन मधुमेहाच्या डॉक्टरांनी ते बदलून दिले. एखाद्याचे काम एवढ्यावरही भागू शकेल. माझे भागले नाही, कारण प्रत्येक चीर भरून येताना पांढुरका, चिवट वण मागे ठेवत होती, आणि असा वण एकदा धरला की मलमाचा फारसा उपयोग होत नाही.

शस्त्रक्रियेचे ठरले तेव्हा घरात अडला तो शब्द. आम्ही अलिबागकडचे. ‘सुंता’ म्हटले की आमच्याकडे दोनच समाज डोळ्यांपुढे येतात: एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, ज्यांना गावोगाव शनिवार तेली म्हणत, आणि दुसरे कोकणी मुसलमान. बेने इस्राएलांकडे बाळाच्या आठव्या दिवशी होणारी सुंता ही अब्राहामाशी झालेल्या कराराची खूण आहे. मुसलमानांत तिचा आधार कुराणापेक्षा हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा आणि आचरणाच्या नोंदींचा; कोकणी मुसलमान शाफई पंथाचे असल्याने त्यांच्याकडे ती वाजिब, म्हणजे बंधनकारक, आणि हनफी पंथाकडे सुन्नत, म्हणजे सक्तीची नसली तरी पाळावी अशी प्रथा. आई म्हणाली, “अरे, आपल्यात कुठं करतात हे?” तिला मी एवढेच सांगितले, की त्यांच्याकडे धर्म म्हणून निरोगी मुलाची सुंता होते; माझी आजारी कातडी काढायची आहे, जसा तुझा मोतीबिंदू काढला तशी. तिचे समाधान झाले. या विषयावर संकोच न बाळगता मी बोलू शकलो तो म्हसळ्याच्या एका सहकाऱ्याशीच. त्याला स्वतःच्या खतन्यातले, म्हणजे सुंतेच्या वेळचे, नवे कपडे आणि मिठाई तेवढी आठवत होती, पण “पंधरा दिवस लुंगीशिवाय काही नको” हा त्याचा सल्ला मला कोणत्याही छापील सूचनेपेक्षा अधिक उपयोगी पडला.

स्टेपलरचे आकर्षण खोटे नाही. कापणे आणि पिना मारणे एकाच दाबात होते, मावसभावाला टेबलावर जेमतेम दहा मिनिटे लागली, रक्त फारसे गेले नाही आणि कापलेली रेघ खरोखरच सुबक होती. यंत्र एकदाच वापरायचे असल्याने खर्च वाढतो. मला मिळालेला अंदाज टाक्यांच्या जवळजवळ दुप्पट होता. तरीही पैशांसाठी मी मागे हटलो नसतो. मी मागे हटलो तो पिनांमुळे.

त्या दोन-तीन आठवड्यांत आपोआप गळून पडतील असे मावसभावाला सांगितले होते. काही गळल्याही, न्हाणीघराच्या फरशीवर त्याला एक-एक सापडत असे. पण उरलेल्या पिना चौथ्या आठवड्यातही निघेनात, सुजलेली कातडी त्यांच्यावर चढू लागली आणि चालताना त्या कपड्याच्या धाग्यात अडकू लागल्या. त्याला घेऊन मी पुण्यातल्या त्या दवाखान्यात गेलो. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर त्या दिवशी तिथे नव्हते. परिचारिकेने चिमट्याने एक-एक पिन सोडवली, तेव्हा त्याने माझे मनगट धरून ठेवले होते. स्टीलच्या ट्रेमधल्या गॉजवर शेवटी अकरा पिना होत्या, प्रत्येक तांदळाच्या कणीएवढी, आणि त्यांतल्या दोघींना कातडीचा तुकडा चिकटलेला होता. सगळ्यांच्याच बाबतीत असे होते असा माझा दावा नाही. त्याचे पुढे उत्तम भरून आले, आणि तो आजही स्टेपलरबद्दल तक्रार करत नाही. परंतु माझी साखर आणि माझ्या जखमा भरून येण्याचा वेग मला माहीत होता, त्यामुळे तो ट्रे पाहिल्यानंतर माझ्या मनाचा कल बदलला तो पुन्हा फिरला नाही.

माझ्या शल्यविशारदांनी आणखी एक गोष्ट समजावून सांगितली. स्टेपलरची घंटेच्या आकाराची टोपी कातडीच्या आत बसवावी लागते. तोंडच आवळलेले असेल तर ती बसण्यासाठी आधी वरून चीर द्यावीच लागते. टाक्यांच्या पद्धतीत ती चीर दिल्यावर आतली कातडी डोळ्यांनी पाहून वण कुठपर्यंत गेला आहे आणि किती काढायचे, हे ठरवता येते. काढलेला भाग तपासणीला पाठवला. अहवालात लायकेन स्क्लेरोसस, म्हणजे कातडी पांढरी आणि चिवट करणारा त्वचारोग, आला, म्हणजे मलम का हरले याचे उत्तर मिळाले. हा भाग तपासणीला पाठवण्याचा आग्रह दोन्ही पद्धतींत धरावा.

टाक्यांचा त्रास झालाच नाही असे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुळाशी दिलेली भुलीची इंजेक्शने झोंबली, पाऊण तास गेला, सूज आठवडाभर होती आणि पहाटे आपोआप येणाऱ्या ताठरतेने टाके ओढले जाऊन पहिले चार दिवस झोप मोडत होती. पण बाराव्या दिवसापासून विरघळणारे धागे अंघोळीच्या पाण्याबरोबर निघू लागले, आणि एकोणिसाव्या दिवशी शेवटचा निघाला तेव्हा मला तो जाणवलाही नाही.

ज्याची कातडी सैल आहे, साखर आटोक्यात आहे आणि दवाखाना घराजवळ आहे, त्याला कदाचित स्टेपलर सोयीचे पडेल. एचआयव्हीचा धोका कमी होतो म्हणून हे करावे का, असेही मला विचारले गेले. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातील चाचण्यांत पुरुषांना स्त्रियांकडून होणाऱ्या संसर्गाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटला आणि २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली, हे खरे. पण ती शिफारस एचआयव्हीची साथ मोठ्या प्रमाणावर पसरलेल्या प्रदेशांसाठी होती, माझ्या निर्णयात तिचा वाटा नव्हता. लहान मुलाची कातडी मागे सरकत नाही म्हणून कोणी हे वाचत असेल, तर जन्मतः ती बहुतेक मुलांची सरकत नाही आणि वाढत्या वयात आपोआप सुटते, हे बालरोगतज्ज्ञांकडून आधी समजून घ्यावे.

कोणतीही पद्धत निवडली तरी साखर आधी खाली आणावी. माझे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ९.१ वरून ७.३ वर यायला तीन महिने लागले आणि डॉक्टरांनी तोवर तारीख दिली नाही. स्टेपलरच ठरत असेल, तर आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी पिना राहिल्यास त्या कोण काढणार, आणि हातात दिलेला फोन नंबर डॉक्टरांचा आहे की फक्त वेळ ठरवून देणाऱ्यांचा, हे विचारून घ्यावे.