जुना रंधा ठाण्यात दुरुस्त करून घ्यायचा असेल तर

ठाणे पश्चिमेला जांभळी नाक्याच्या बाजारातून स्टेशनकडे येताना लागणाऱ्या एका बोळात सुतारांच्या हत्यारांना धार लावून देणारे लहानसे दुकान आहे. त्यावर पाटी नाही. ‘धारवाले मिस्त्री’ असे विचारले की आजूबाजूचे दुकानदार बोट दाखवतात. धार लावणे हा तेथला रोजचा धंदा असला, तरी वर्षानुवर्षे पेटीत गंजत पडलेली जुनी हत्यारे पुन्हा कामाची करून देण्याचे कामही हे मिस्त्री घेतात. सासऱ्यांच्या पेटीतला १४ इंची लोखंडी रंधा (लाकूड तासून सपाट करायचे हत्यार) आणि एक पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) मी त्यांच्याकडे दिली होती. लोखंडाचे काम उत्तम झाले. लाकडाच्या कामाबद्दल मात्र माझी तक्रार आहे.

रंधा स्टॅन्ली कंपनीचा, ५ क्रमांकाचा, इंग्लंडमध्ये तयार झालेला. या घडणीमागे लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिराचे डोके आहे. त्याची पेटंटे स्टॅन्लीने १८६९ मध्ये विकत घेतली, आणि पितळी चाक फिरवून पाते खाली-वर करण्याची त्याची रचना पुढे इतकी रुळली की आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा लोखंडी रंधाही बहुधा तिचीच नक्कल असतो. मिस्त्रींनी रंधा हातात घेताच पाते सुटे केले, त्यावरचा शिक्का अंगठ्याने पुसून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “चालवायचा आहे की शोकेसमध्ये ठेवायचा?” पुढचे सारे काम या उत्तरावर ठरते आणि हा प्रश्न न विचारणाऱ्याच्या हाती जुने हत्यार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चालवायचा आहे म्हटल्यावर त्यांनी पाते आणि त्यावरची टोपी एवढेच भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टांगले. बॅटरी चार्जरचे ऋण टोक हत्याराला आणि धन टोक भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला जोडले की गंज सुटत जातो आणि खालचे निरोगी लोखंड झिजत नाही. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेतली तर पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगे उतरतात, म्हणून ती ते वापरत नाहीत. रंध्याचे अंग त्यांनी या बादलीत बुडवले नाही, कारण त्यावरचा मूळचा काळा लेप सुटून येतो. ते रॉकेल आणि पितळी ब्रशने हळूहळू साफ केले. बाजारात बहुतेक ठिकाणी हेच काम ग्राइंडरवरच्या तारेच्या ब्रशने चुटकीसरशी उरकतात. त्यात शिक्क्याची अक्षरे बोथट होतात. दगडी चाकावर पाते दाबून धरले तर त्याहून वाईट होते: धारेवर निळी झाक आली, म्हणजे पाते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले, की साध्या कार्बन पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कठीणपणा, उतरलेच समजावे.

तळ सपाट करतानाही त्यांनी अतिरेक केला नाही. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तळ घासला, तो पुढचे टोक, पाते बाहेर येते त्या तोंडाची कड आणि मागचे टोक एका पातळीत येईपर्यंतच. मधले दोन उथळ खळगे तसेच आहेत आणि त्यांनी कामात काही अडत नाही. मुठीच्या स्क्रूचे काम खरे किचकट होते. त्याचे आटे इंचाला २० असतात आणि जाडी आपल्याकडच्या कोणत्याही नेहमीच्या बोल्टशी जुळत नाही. पूर्वी एका दुकानात कोणीतरी मेट्रिक बोल्ट ठोकून बसवून अर्धे आटे मारून ठेवले होते. मिस्त्रींनी मोडक्या रंध्यांच्या डब्यातून मूळ मापाचा स्क्रू शोधला आणि भोकातले उरलेले आटे साफ करून तो बसवला. आता मूठ हलत नाही.

पटाशी इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातली असून तिच्यावर ‘कास्ट स्टील’ असा शिक्का आहे. हे मुशीत वितळवून केलेले पोलाद. घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी चांगले पोलाद मिळेना म्हणून बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४० च्या दशकात ही पद्धत बसवली आणि पुढे तिच्यावर शेफील्डचा नावलौकिक उभा राहिला. ते महाग असल्याने जुन्या पटाशीत पोलादाचा पातळ थर मऊ लोखंडाला भट्टीत जोडलेला असे. गंज निघाल्यावर धारेच्या उतारावर हा सांधा केसासारख्या रेघेने दिसू लागला. पोलाद पाठीच्या बाजूला असते; म्हणून पाठ वाजवीपेक्षा जास्त घासली तर तेच निघून जाते. मिस्त्रींनी टोकाजवळचा जेमतेम इंचभर भाग सहाणेवर घासला आणि उरलेल्या पाठीवरचे काळे डाग राहू दिले.

इतके भान असलेल्या माणसाने लाकडाशी असे का वागावे, हे मला कळलेले नाही. रंध्याच्या मुठीवर कोणा जुन्या मालकाने कोरलेली दोन अक्षरे होती. सासऱ्यांनी रंधा जुन्या बाजारातून घेतला तेव्हापासूनची ती खूण मिस्त्रींनी लांबी (पुट्टी) भरून बुजवली आणि वर मेलामाइन पॉलिशचा जाड, काचेसारखा हात मारला. ठाण्याच्या दमट हवेत घामेजलेल्या हाताला ती मूठ धड पकडता येईना. विचारल्यावर उत्तर आले, “लोकांना चकचकीत लागतं, साहेब.” तो थर घरी खरवडून मी अळशीचे तेल मुरवले, एक अक्षर परत आले, दुसरे निम्मेच. मूठ आणि दांड्याला हात लावू नका, हे काम देतानाच बजावून सांगावे.

रंध्याचे ९०० आणि पटाशीचे २५० रुपये झाले, ते वाजवी आहेत. पावती मिळत नाही आणि सांगितलेली तारीख पाळली जात नाही, पावसाळ्यात तर नाहीच. हत्यारे वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. घरी आल्यावर तो कागद लगेच काढावा, कारण तो ओल धरून ठेवतो. शिलाई मशीनचे तेल पुसटसे लावून पेटीत कापराची वडी ठेवा, हा त्यांचा सल्ला मात्र उपयोगी आहे. गोडेतेल कालांतराने चिकट होते, म्हणून ते टाळावे. रंधे, पटाश्या आणि वाकस यांच्यासाठी हे दुकान मी सुचवीन. जुन्या करवतीचे दाते नव्याने पाडण्याचे काम ते घेत नाहीत, तेव्हा करवत घेऊन तिथवर हेलपाटा घालू नये.