वायनरीतला गॅस डिटेक्टर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकजवळ, दिंडोरी तालुक्यातल्या एका मध्यम आकाराच्या वायनरीत देखभाल आणि सुरक्षितता ही दोन्ही कामे माझ्याकडे आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही पंप असलेला, चार वायूंचा, कमरेला अडकवता येणारा डिटेक्टर घेतला. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड असे त्याचे चार सेन्सर आहेत. पावसाळ्यातली सांडपाण्याची टाकी, जानेवारी ते मार्चचा द्राक्षहंगाम आणि आता एप्रिलचे ऊन एवढे सगळे त्याने पाहिले आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही. यंत्र चांगले आहे. आमची निवड मात्र अर्धी चुकली होती, आणि ते कळायला हंगाम उजाडावा लागला.

पहिले मोठे काम ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या, टाकीचे होते. झाकण काढून नळी वरच्या थरात सोडली तेव्हा सगळे आकडे निर्दोष होते. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी नळी थांबवून, हवा सेन्सरपर्यंत पोहोचायला प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटे देऊन वाचन घ्यायचे, हा नियम आम्ही तिथेच पाळायला शिकलो. तळाशीही 3 पीपीएमच (हवेच्या दहा लाख भागांत 3 भाग) होते. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “साहेब, वास पण येत नाही, उतरू का?” मी त्याला आधी वरूनच लांब बांबूने गाळ ढवळायला सांगितले. अर्ध्या मिनिटात आकडा 3 वरून 41 वर गेला, 10 आणि 15 चे दोन्ही अलार्म लागोपाठ वाजले आणि यंत्र हातात थरथरू लागले. गाळात अडकलेला वायू पाय पडल्याशिवाय सुटत नाही, आणि पाय पडतो तेव्हा माणूस आत असतो. वासाचेही असे की 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होते, त्यामुळे वास न येणे ही खूण मानण्यात अर्थ नाही. टाकी पाण्याने धुऊन, ब्लोअर लावून, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासूनच माणूस उतरवला. अशा जागेत सक्षम व्यक्तीने स्वतः तपासणी करून लेखी दाखला द्यावा, ही 1948 च्या कारखाने कायद्यातील कलम 36 पासून चालत आलेली अट आहे. पूर्वी आमच्याकडे तो दाखला टेबलावर बसून भरला जाई, हेही कबूल करतो.

आता चुकलेल्या निवडीविषयी. द्राक्षरस आंबू लागला की एका लिटरमागे सुमारे 40 ते 50 लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने सेलरच्या, म्हणजे वाइनचे टँक असलेल्या दालनाच्या, फरशीलगत आणि पंपाच्या खड्ड्यात साचतो. आमच्या यंत्रात त्याचा सेन्सरच नाही. जानेवारीच्या अखेरीस शिराझ द्राक्षांच्या टँकखालच्या खड्ड्यात व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मुलाला धाप लागली आणि डोके ठणकू लागले. त्याला वर घेऊन मी नळी खाली सोडली, तर ऑक्सिजन 20.1 टक्के. कमी ऑक्सिजनचा अलार्म 19.5 ला वाजतो, म्हणजे यंत्राच्या लेखी सगळे ठीक होते. मग कागदावर हिशेब मांडला. स्वच्छ हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के, म्हणजे हवेचा साधारण पाचवा भागच असतो; त्यामुळे 20.9 चे 20.1 व्हायला दुसऱ्या कोणत्या तरी वायूने हवेचा जवळजवळ 3.8 टक्के भाग हटवलेला असला पाहिजे. तो कार्बन डायऑक्साइड धरला तर 38,000 पीपीएम होतात. आठ तासांच्या कामासाठी मान्य पातळी 5,000 आहे, आणि 40,000 ला तर जिवाला तत्काळ धोका समजतात. दुसऱ्या दिवशी भाड्याने आणलेल्या इन्फ्रारेड मीटरने त्याच खड्ड्यात 35,000 च्या पुढचा आकडा दाखवला. ऑक्सिजनवर नजर ठेवली की पुरे, असे खरेदीच्या वेळी विक्रेत्याने सांगितले होते आणि आम्ही ते मान डोलावून ऐकले होते. सांडपाण्याच्या टाकीसाठी ते ठीक असेल, आंबवणाच्या सेलरसाठी नाही. फेब्रुवारीत कार्बन डायऑक्साइडचा स्वतंत्र मीटर घेतला. त्याची बॅटरी लवकर उतरते आणि थंड टँकजवळ दमट हवेत भिंगावर बाष्प धरते, तरी लाल वाइनच्या टँकमधून चोथा काढायला माणूस उतरवायचा असेल तर तो बरोबर नसताना मी परवानगी देत नाही.

देखभालीत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे रोजची बंप टेस्ट. कामाआधी मिश्र वायूच्या नळकांड्यातून मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने वायू सोडायचा आणि चारही सेन्सर जागे होतात का, अलार्म वाजतो का, ते पाहायचे; दोन मिनिटांचे काम आहे. फेब्रुवारीत एका मदतनिसाने द्राक्षे पिळायच्या प्रेसच्या रबरी गॅस्केटवर सिलिकॉनचा स्प्रे मारला, आणि यंत्र शेजारीच खिळ्याला टांगलेले होते. सकाळी नळकांड्यातला मिथेन 50 टक्के एलईएलचा (वायू पेट घेऊ शकेल अशा किमान प्रमाणाच्या निम्मा) असताना पडद्यावर 29 च दिसले. ज्वलनशील वायूचा सेन्सर सिलिकॉनने निकामी होतो, हे पुस्तिकेत लिहिलेले होते. भीती वाटली ती याची, की स्वच्छ हवेत तो आदल्या दिवशीसारखाच शांतपणे 0 दाखवत होता. बंप टेस्ट नसती तर तो महिनाभर 0 दाखवत राहिला असता आणि आम्ही निर्धास्त राहिलो असतो. हा बिघाड वॉरंटीत बसत नाही. सेन्सर स्वखर्चाने बदलला.

याच सेन्सरची आणखी एक मेख अशी की त्याला चालायला ऑक्सिजन लागतो. वाइनवर नायट्रोजन सोडलेल्या टँकमध्ये त्याच्या आकड्याला काही किंमत नसते, म्हणून आधी ऑक्सिजन वाचायचा आणि मगच बाकीचे. शिवाय मिथेनवर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे मिथेनच्या ठरावीक प्रमाणाशी आकडा जुळवून घेतलेला, सेन्सर अल्कोहोलची वाफ प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर उलट अल्कोहोलने फसून वर चढतो. सॅनिटायझर लावलेल्या हाताने यंत्र उचलले की आकडा क्षणात उडी घेतो, आणि नवा माणूस घाबरून सेलर रिकामा करायला धावतो. तसे एकदा झालेही.

रात्रपाळीच्या ऑपरेटरने एकदा यंत्र सेलरमध्येच चालू केले आणि शून्य करायचे का, या पडद्यावरच्या प्रश्नाला होकार दिला. म्हणजे तिथल्या खराब हवेलाच यंत्राने 20.9 समजून घेतले. आता ते गेटजवळच्या चिंचेखालीच चालू करायचे, असा नियम आहे, आणि नळीच्या तोंडावर बोट ठेवून पंप अडल्याचा अलार्म येतो का, तेही तिथेच पाहतात. पाणी ओढले गेले तर फिल्टर बदलावा लागतो. पांढरा फिल्टर ओला झाला की तो वाळवून परत लावण्याचा मोह टाळावा.

पूर्ण कॅलिब्रेशन आम्ही सहा महिन्यांनी करून घेतो. त्यात विशेष सांगण्यासारखे काही नाही.

तक्रार आहे ती नळकांड्याविषयी. दाबाखालचा वायू म्हणून कुरिअरवाले ते सहज घेत नाहीत, ट्रान्सपोर्टने यायला आठवडा जातो, आणि हायड्रोजन सल्फाइड असलेले मिश्रण फार काळ टिकत नसल्याने त्यावर मुदतीची तारीख असते. आमचे दुसरे नळकांडे आले तेव्हा मुदत संपायला जेमतेम पाच महिने उरले होते आणि किंमत पूर्ण लावली होती. आता तळाच्या लेबलावरची तारीख फोनवर वाचून घेतल्याशिवाय मी ऑर्डर देत नाही.