डेकवरचे १२ व्होल्टचे एलईडी फ्लडलाइट: उजेड झकास, वायरलेस बहिरा

गेल्या मोसमाच्या सुरुवातीला बोटीवर हे दिवे चढवले. (मासळी गोळा करायला पाण्यावर मारतात ते नव्हेत, त्यांना २०१७ पासून बंदी आहे. हे फक्त डेकवर मासळी निवडायला.) कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण डबे वेगळे असले तरी आतला माल बहुतेक एकच असतो. उजेडाबद्दल तक्रार नाही. जुने हॅलोजन बॅटरी पिऊन टाकायचे, हे रात्रभर जळले तरी पहाटे इंजिन एका सेल्फात सुरू. तेव्हा विचारलं असतंत तर डोळे मिटून पाच स्टार दिले असते.

मग रात्रीच्या वायरलेसवर बोटी ऐकू येईनाशा झाल्या. दिवसा दहा-बारा सागरी मैलांवरचा तांडेल (बोटीचा प्रमुख) वायरलेसच्या १६ नंबर चॅनलवर स्वच्छ बोलायचा, रात्री अगदी शेजारची बोट काय ती. सेट काढून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने टेबलावर लावून बघितला, २५ वॅट पुरे पडतायत म्हणाला, तपासणीचे पैसे घेतले आणि परत दिला. पुन्हा नेला, पुन्हा पैसे. "मग रात्रीच का?" तर म्हणे, "हवामान असेल." दिवसाढवळ्या, आमचा एकही दिवा जवळ नसताना तपासलेला सेट ठीकच निघणार ना! ज्याचा हा रोजचा धंदा आहे त्याला हे सुचू नये?

खरी गोम स्क्वेल्चमध्ये, म्हणजे सेटची खरखर दाबायच्या बटणात आहे. एलईडीच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो-लाखो वेळा करंट चालू-बंद करतं आणि त्याची घाण पार १५६.८ मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे थेट १६ नंबरवर येते. सेट खरखरायला लागतो. तांडेल वैतागून स्क्वेल्चचं बटण पिळतो, खरखर बंद. सगळ्यांना वाटतं, बरं झालं. पण त्या बटणाने खरखरीबरोबर लांबचा बारीक आवाजही दाराबाहेर ठेवलेला असतो. संकटातली हाक याच नंबरवर येते, आणि सेट मात्र डिस्प्ले पेटवून गप्प बसलेला. बोंबलत राहिला असता तर त्याच रात्री कळलं असतं.

अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१८ मध्ये याच भानगडीवर इशारा काढला होता. त्यातली परीक्षा फुकटात होते. सगळे एलईडी बंद करा, ज्यावर कोणी बोलत नाही असा चॅनल लावा, खरखर जेमतेम थांबेल इतकाच स्क्वेल्च ठेवा. आता एकेक दिवा लावत जा. ज्या दिव्याला सेट ओरडला तो चोर. इंजिन मात्र बंद ठेवा. अल्टरनेटरची (इंजिनावर बॅटरी चार्ज करतो तो) शिट्टी वेगळी असते, रेस वाढवली की तिचा सूर चढतो.

आमच्याकडे मागचा दिवा लावला, काही नाही. मास्टवरचा (डोलकाठीवरचा) लावला आणि भस्सकन खरखर. दोन्ही एकाच डब्यातले! फरक एवढाच, की मास्टवरच्याची वायर अँटेनाच्या केबलला टायने आवळून एकाच पाइपवरून खाली आणलेली, आणि दिवा अँटेनापासून हातभर.

इथे माझं मत जरा निवळलं. वायर वेगळ्या बाजूने उतरवली, प्लस-मायनस एकमेकांत पिळले, दिव्याच्या अगदी तोंडाशी फेराइटचे क्लिप (वायरमधली असली घाण अडवणारे) चढवून त्यातून वायरचे दोन-तीन वेढे घेतले. खरखर बरीच उतरली, गेली नाही. क्लिपला फार पैसे पडत नाहीत, पण ते दिव्याच्या कंपनीने आत घालायला हवे होते. डब्यावर 'आयपी ६७' बोटभर अक्षरांत छापलंय. बोटीवरच्या उपकरणांसाठी आयईसी ६०९४५ नावाचं मानक आहे, त्यात नेमक्या या व्हीएचएफ पट्ट्यात, म्हणजे आमचा वायरलेस चालतो त्या लहरींत, अशी घाण सोडण्यावर कडक मर्यादा आहे. त्याचा डब्यावर उल्लेखसुद्धा नाही. पाणी आत जात नाही हे कौतुक, बाहेर काय पडतं त्याचं कोणाला पडलेलं नाही.

शेवटी मास्टवर जुना हॅलोजनच परत चढवला. त्यात नुसती तापणारी तार, खरखर करायला काही नाहीच. बॅटरी खातो म्हणून जाळी ओढतानाच लावतो. बाकीचे एलईडी तसेच आहेत, पैसे काय वर आलेत? तीन स्टार. दुरुस्तीवाल्याला स्टार द्यायची सोय इथे नाही.